रस्त्याकडेच्या आनंदाचे अंदाजपत्रक

मराठवाड्यात एखादा रस्ता चौपदरी व्हायचा म्हटला की एक वाद हमखास सुरू होतो. खोडांवर आकडे टाकलेल्या वडांचे फोटो फिरू लागतात आणि त्यांच्याखाली हळहळ व्यक्त होते: सावली गेली, प्रवासातली मजा गेली, आता नुसते पोचणे उरले. लगेच दुसरी बाजू उसळते. सावली महत्त्वाची की जीव? अडलेली बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोचू द्या, मग झाडांचे बघू. दोन्ही बाजू मनापासून बोलतात, पण दोघींनी एकच गोष्ट न तपासता धरलेली असते. रस्त्याच्या कडेला मिळणारा लहानसा आनंद ही त्यांच्या लेखी मनाची एक अवस्था आहे. पहिल्या बाजूला ती हळवी आठवण वाटते, दुसरीला चैन. मला हे दोन्ही चूक वाटते. कडेचा आनंद ही कोणीतरी उभी केलेली आणि कोणीतरी राखलेली वस्तू असते. तिला सामान लागते, पाणी लागते, माणसाचा वेळ लागतो. ती दिसेनाशी झाली तर ती राखणे कोणाच्या तरी कामाच्या यादीतून गळलेले असते. म्हणून तिच्यासाठी रडण्यापेक्षा रस्त्याच्या अंदाजपत्रकात तिची बाब मागितली पाहिजे.

पाणपोईच घ्या. चैत्र लागला की बसथांब्याजवळ, वडाखाली रांजण येऊन बसतात. वाटसरूच्या वाट्याला येतो तो गार पाण्याचा एक पेला. त्यामागे काय असते? नवा रांजण एक दिवस आणि एक रात्र पाण्याने भरून ठेवावा लागतो आणि ते पहिले पाणी ओतून द्यावे लागते, नाहीतर तोंडाला माती लागते. खाली वीतभर वाळू, तिच्यात रांजणाचा तळ रोवलेला, भोवती गोणपाट, आणि वाळू व गोणपाट दोन्ही कायम ओली. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर वाळते आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. मराठवाड्याचा एप्रिल-मे कोरडा असतो, म्हणून ही युक्ती दमट कोकणापेक्षा इथे कितीतरी चांगली चालते. बिघडते तेही ठरावीक कारणांनी. बोअरच्या जड पाण्याचे क्षार छिद्रांत बसतात आणि एक-दोन उन्हाळ्यांत रांजण पाणी गार करेनासा होतो. तो बदलावाच लागतो. कोणी हौसेने बाहेरून तैलरंग देते, पाणपोई फोटोत उठून दिसते, पण छिद्रे बुजल्यामुळे पाणी कोमटच राहते. साबणाने घासले तर साबण मातीत मुरतो. नारळाच्या शेंडीने, साध्या पाण्याने, दर दोन-तीन दिवसांनी घासणे हाच उपाय. लांब दांड्याचे ओगराळे नसेल तर हात बुडतात आणि गार पाणी आजाराचे पाणी होते. सगळ्यांत मोठा बिघाड याहून साधा आहे. पाडव्याला नारळ फोडून सुरू झालेली पाणपोई अक्षय्य तृतीयेला, म्हणजे पाण्याने भरलेला घडा दान द्यायच्या दिवशीच, कोरडी पडलेली असते. रांजण देणारे दाते पुष्कळ मिळतात, रोज सकाळी घागरी ओतणारे माणूस कोणी नेमलेले नसते. पेला पिणाऱ्याला यातले काही ठाऊक असण्याची गरज नाही. ‘रस्त्यावरचे छोटे आनंद’ या विषयावर वाद घालणाऱ्याला मात्र ते ठाऊक हवे.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे. त्यातला पहिला भाग निखळ खरा आहे. अरुंद रस्त्याच्या डांबराला चिकटून उभ्या असलेल्या झाडांनी जीव घेतले आहेत. खोडांवर गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढतात ते शोभेसाठी नव्हे. रात्री दिव्याच्या उजेडात खोड लांबून दिसावे म्हणून. समोरून ट्रक आला की दुचाकीवाल्याने साइडपट्टीवर उतरायचे आणि तिथे वडाची मुळे वर आलेली, हा अनुभव सुखाचा नाही. सर्पदंश झालेल्या माणसासाठी प्रत्येक मिनिट मोलाचे असते, आणि आडतीवर माल उशिरा पोचला की भाव पडलेला असतो. रुंद रस्ता ही गावाकडच्या माणसाची जुनी, रास्त मागणी आहे. तिची टिंगल करण्याचा अधिकार कोणाला नाही.

पण रुंद रस्ता म्हणजे उघडा रस्ता, हे समीकरण कुठून आले? समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि जालना व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि त्यानंतरच्या अपघातांच्या चर्चेत ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला. सरळ रेघ, एकच वेग, तासन्तास तेच ते दृश्य; डोळे उघडे असतात आणि लक्ष मात्र झोपलेले असते. अपघातांमागे अतिवेग होता, तापून फुटलेले टायर होते, चालकांची अपुरी झोप होती. एका कारणावर सगळे ढकलणे बरोबर नाही. तरीही एक गोष्ट यातून सिद्ध होते. कडेला बघण्यासारखे काही असणे ही चैन असती, तर ते नसल्याने चालकाच्या लक्षावर परिणाम झाला नसता. वळणावरची चिंच, दर काही मैलांवर बदलणारी झाडांची जात, थांबून तोंडावर पाणी मारण्याची जागा, ही मेंदूला जागे ठेवणारी सामग्री आहे. शिवाय समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, ज्याला सावलीची खरी गरज आहे, तो प्रवासी उरलेल्या राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा मार्गांवरच आहे. झाडे आधी तुटतात ती याच रस्त्यांवर.

झाड आणि सुरक्षितता यांचे भांडण नाही. भांडण आहे झाड कुठे लावायचे याचे. डांबर, मग साइडपट्टी, मग नाली, आणि नालीच्या पलीकडे झाड, अशी रचना ठेवली की गाडी घसरली तरी खोड लगेच आडवे येत नाही, आणि मुळांना पाणीही मिळते. मधल्या दुभाजकात मोठे झाड चालत नाही, तिथे कण्हेर आणि बोगनवेल का असतात? कण्हेर विषारी असल्याने जनावरे तिला तोंड लावत नाहीत, ती पाण्यावाचून तग धरते, आणि छातीएवढ्या दाट झुडपामुळे समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर येत नाही. भर वैशाखात दुभाजकावर दिसणारी गुलाबी फुले म्हणजे एका तांत्रिक निर्णयाचे फळ आहे. कोणाच्या तरी अंदाजपत्रकात ती ओळ होती, म्हणून ती फुलली. केंद्र सरकारच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणाने राष्ट्रीय महामार्गाच्या प्रकल्प खर्चातील १ टक्का रक्कम झाडांसाठी बाजूला काढण्याची तरतूद केली आहे. पैशाची ओळ कागदावर आहे. ती जमिनीवर का दिसत नाही?

कारण रोप लावणे मोजले जाते, रोप जगणे मोजले जात नाही. काळ्या जमिनीत एक हात खोल खड्डा करून त्यात हातभर उंचीचे रोप खोचले, की त्याचे भवितव्य ठरलेले असते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कोवळी मुळे त्या भेगांत तुटतात. तीन फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा, मुरूम, पोयटा आणि कुजलेले शेणखत यांनी तो भरावा, रोप पुरुषभर उंचीचे निवडावे म्हणजे शेळीचे तोंड शेंड्याला पोचत नाही. बुडाशी पालापाचोळा पसरावा. आणि तीन उन्हाळे टँकर. पहिल्या उन्हाळ्यात टँकर येतो; देखभालीची मुदत सरली की तो थांबतो आणि लोखंडी पिंजऱ्यात वाळलेली काडी उरते. वडाच्या बाबतीत तर आणखी सोपी वाट आहे. मनगटाएवढी जाड, आठ-नऊ फूट लांब फांदी पावसाच्या तोंडावर खोल रोवली की ती मूळ धरते. जुना वड वाचवायचा असेल तर तो हलवताही येतो, कारण वड-पिंपळाची जात छाटणी आणि मुळांचे तुकडे सोसते: फांद्या छाटाव्या, खोडाभोवती चर एका दमात न खणता दोन-तीन टप्प्यांत खणावा, मुळांचा मातीसकट गड्डा गोणपाटात बांधावा, नव्या जागी महिनोन्महिने पाणी द्यावे. चिंचेचे तसे नाही. तिची मुळे खोल जातात. मोठी चिंच हलवली तर बहुधा मरते. म्हणून रस्त्याची आखणी करतानाच चिंच टाळून वळण घेणे हाच शहाणपणा आहे. ‘एकाच्या बदल्यात दहा लावू’ असे म्हणणाऱ्याने कोणत्या जातीची, कुठल्या मातीत, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण देणार, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

कायद्यातली एक फट इथे सांगितली पाहिजे. झाडांच्या जतनाच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा देण्याची सोय झाली. पण तो कायदा शहरी भागांचा आहे. नगरपालिकेच्या हद्दीतला साठ वर्षांचा कडुनिंब वारसा ठरतो आणि हद्दीची पाटी ओलांडली की त्याच वयाचा वड नुसता अडथळा होतो. सावलीची किंमत हद्दीवर बदलते का?

रस्ता म्हणजे फक्त पोचणे, ही कल्पना या भूमीला तशी नवीच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदीत भडोचहून पैठण वीस दिवसांवर आणि पैठणहून पूर्वेला तगर, म्हणजे आजचे तेर, दहा दिवसांवर असल्याचे लिहिले आहे. महिनाभराची ही वाट गाड्यांनी तुडवायची. ज्या माणसाचा महिना वाटेवर जातो, तो वाटेला वाया गेलेला वेळ कसा म्हणेल? त्याला वाटेवरच जगावे लागते. त्याही आधी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यांची कामे नोंदवली: मार्गांवर वड लावविले, आमराया लावविल्या, आठ-आठ कोसांवर विहिरी खणविल्या, जागोजागी पाणपोया केल्या. कशासाठी? लेखातला शब्द आहे ‘पटीभोगाये’, पशूंच्या आणि माणसांच्या उपभोगासाठी. उपयोग आणि सुख अशी फोड त्या शब्दाने केलेलीच नाही. पुढचे वाक्य मात्र माझ्या विरोधकांच्या बाजूचे आहे आणि ते लपवणे अप्रामाणिक ठरेल. अशोक लगेच म्हणतो, ‘लहुके चु एस पटीभोगे नाम’: हा उपभोग तसा लहानसाच. लोकांनी धम्माने वागावे हे त्याचे मोठे उद्दिष्ट होते. पण लहान म्हणून त्याने वड लावायचे थांबवले नाहीत, विहिरींची अंतरे मोजायची सोडली नाहीत. लहान असणे आणि बिनमहत्त्वाचे असणे यांत फरक आहे, हे दगडात कोरून ठेवणाऱ्या राजाला कळत होते. मराठवाड्यातल्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, हेच सांगतात. पाणी शेंदायला एक आड पुरला असता. वालूरच्या बारवेला चक्राकार उतरत्या पायऱ्या कशाला केल्या? बीडपासून थोड्याच अंतरावर, सोलापूर-धुळे महामार्गालगत असलेली अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळातली खजाना बावडी शेत भिजवते आणि बघणाऱ्याला थांबवतेही. बांधणाऱ्याने या दोन गोष्टींचे दोन हिशेब ठेवले नव्हते.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो आणि त्याचे उत्तर सोपे नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालन्याच्या रस्त्यांवर ऊसतोड कामगारांच्या गाड्या लागतात. चाकांचा ठेका, घुंगरमाळा, गाडीवर बांधलेली चूल, तिच्याशेजारी झोपलेले लेकरू. गाडीच्या काचेआडून कोणीतरी म्हणते, किती सुंदर दृश्य! त्या दृश्यात मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आहे, नवराबायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाणे आहे, अर्ध्या वर्षाची बुडालेली शाळा आहे. हे न बघता घेतलेला आनंद चोरीचा आहे, असे कोणी म्हणाले तर ते मान्य केले पाहिजे.

फक्त त्यापुढे जाऊन ‘गरिबाला आधी भाकर, सौंदर्य नंतर’ असे म्हटले जाते, तिथे मी थांबतो. त्या बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ कोणी बांधली? काचेआडच्या माणसाने नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू घासून घट्टे पडलेल्या खांद्याला लोणी नाहीतर तूप आणि हळद चोळतात. जखमेवर तो उपचार आहे आणि मायाही आहे. दुसऱ्या दिवशी शिंगे तासून रंग, टोकांना शेंब्या, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, नवी वेसण. कर्जाच्या वर्षीही झूल निघते. पहाटे जात्यावर बसलेल्या बायांनी ओव्या रचल्या त्या पोट भरल्यावर रचल्या नाहीत. भाकरीचे पीठ पडत असतानाच रचल्या. कष्टकरी माणूस आनंदासाठी रांगेत उभा राहून आपली पाळी येण्याची वाट बघत नाही. ‘तुला अजून याची गरज नाही’ असे त्याच्या वतीने ठरवणे हाही एक अपमानच आहे. राहिला प्रश्न बघणाऱ्याचा. जो डोळा घुंगरमाळेवर थांबतो, त्याने गाडीच्या मागच्या फळीवरही थांबावे. तिथे लाल परावर्तक पट्टी आहे का? उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांच्या मागे दिवा आहे का? ऊस बाहेर लोंबल्याने पट्टी झाकली गेली आहे का? साखर कारखान्याच्या गेटवर अर्ध्या मिनिटात चिकटवता येणारी ही पट्टी नसल्याने मागून धडक बसते. पुरते बघणे म्हणजे हे. अर्धवट बघणाराच दृश्यावर खूश होऊन पुढे जातो.

आणि म्हणून मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही बोलायचे आहे. ‘आनंद सगळीकडे आहे, नजर हवी’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्याने नुकसान होते. नजर हवीच, पण नजर माहितीने घडते. तारेवर बसलेला नीलपंख मळकट तपकिरी दिसतो, त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. तो कधी उडेल याची वाट बघण्याइतके ज्याला ठाऊक आहे, त्यालाच पंख उघडताच तो निळा रंग मिळतो. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी बहुधा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, कारण पावसाचा झोत नैर्ऋत्येकडून येतो. त्यांतली काही अर्धीच विणून सोडलेली दिसतात, कारण नर विणतो आणि मादी पसंत करते. बालाघाटाच्या रस्त्यांवर पाटीत सीताफळे मांडून बसलेल्या बाईकडून फळ घेताना डोळे उघडलेले आणि डोळ्यांमधल्या खाचा पिवळसर पडलेले बघून घ्यावे. असे फळ घरी दोन-तीन दिवसांत पिकते. खाचा हिरव्या असतील तर ते कधी कधी पिकण्याऐवजी दगड होते, आणि कच्चे फळ फ्रिजमध्ये ठेवले तर काळे पडते. हुरड्याचे दिवस तर त्याहून मोजके. ज्वारीचा दाणा दुधाळ अवस्थेतून पुढे सरकून चिकात असतो ते जेमतेम आठ-दहा दिवस. आगटीत गोवऱ्यांचा निखारा हवा, जाळ नको. जाळात कणीस बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. गरम असतानाच तळहातावर चोळले तर दाणा सुटतो, गार झाल्यावर हट्टाने चिकटून बसतो. रस्त्याकडेला शेतातल्या आखाड्यावरून उठणारा तो धूर ज्याला वाचता येतो, त्याला गाडी कुठे थांबवायची ते कळते. रसवंतीवर कांडे दुमडून परत चरकात घालताना आले-लिंबू त्यातच घालतात, कारण लिंबाच्या आंबटपणाने रस काळा पडायला वेळ लागतो; काढून ठेवलेला रस घेऊ नये तो याचसाठी. ही माहिती कोरडी नाही. तिच्यामुळे पाहणे लांबते, विकणाऱ्याशी बोलणे होते, आणि त्या बाईला पाटी उन्हात घेऊन बसावे लागते, तिच्या डोक्यावर सावली नाही, हेही लक्षात येते.

‘आनंद सगळीकडे आहे’ म्हणणाऱ्याला वड तुटल्यावर बुंध्यावरही आनंद सापडेल, मग त्याच्या आनंदाने कोणाला जाब विचारायचा? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या माणसांनी रस्त्यांसाठी खडी फोडली. त्याच काळात आकाराला आलेल्या रोजगार हमीला पुढे १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. ज्यांच्या घामावर हे रस्ते उभे राहिले, त्यांच्या नातवंडांनी रस्त्याकडे काही मागणे ही कृपेची याचना नाही.

मागणी नेमकी हवी. १ मेची ग्रामसभा ऐन उन्हात येते, तेव्हा लपवायला काही उरत नाही. त्या दिवशीच्या ठरावात गावाच्या हद्दीतल्या रस्त्याचे मैलाच्या दोन दगडांमधले अंतर लिहावे, किती रोपे लागली, किती जगली, कोणत्या जातीची, टँकरची शेवटची खेप कधी आली हे लिहावे. पाणपोईला रोज पाणी भरणाऱ्या माणसाचे नाव आणि त्याचा मोबदला ग्रामनिधीतून मंजूर करावा. फळे विकणाऱ्या बायांसाठी नालीपलीकडे दोन झाडांच्या मध्ये गाडी वळवून थांबता येईल एवढी मुरमाची जागा मागावी, म्हणजे ग्राहक डांबरावर थांबणार नाही आणि मागच्या ट्रकला करकचून ब्रेक लावावा लागणार नाही. ठरावाची एक प्रत सार्वजनिक बांधकाम उपविभागाला पाठवून पोच घ्यावी, आणि १५ ऑगस्टच्या सभेत पहिला विषय तीच पोच असावी. फांदी रोवायला तोवर पाऊस झालेला असतो.